पाणी देणारा मुलगा, माझी जर्सी आणि १९२५ चा एक मूकपट

त्या सीनपाशी मी दर वेळी पिक्चर थांबवते. मैदानाच्या कडेला बाकावर एक चष्मेवाला मुलगा बसलाय, अंगात टीमची जर्सी, समोर मॅच चाललीये आणि त्याची टीम मार खातेय, एकेक गडी जखमी होऊन बाहेर येतोय आणि हा प्रत्येक वेळी अर्धवट उठतो, कोचकडे बघतो, परत बसतो. मग एकदाचा कोच याच्याकडे बघून हात करतो. पोरगं अक्षरशः उडी मारून उठतं. आणि कोचला हवी असते फक्त त्याची जर्सी, कारण आत खेळणाऱ्या कुणाची तरी फाटलेली असते.

मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड, त्याचा 'द फ्रेशमन', १९२५ चा. लोक हसतात या सीनला, हसायलाच बनवलाय तो. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला मात्र घशात आवंढाच आला एकदम, कारण माझ्याबरोबर हे जसंच्या तसं झालंय.

मी कॉलेजात खो-खोच्या टीममध्ये होते. टीम बारा जणींची, मैदानात उतरतात नऊ, उरलेल्या तिघींत मी, सलग दोन वर्षं. प्रॅक्टिसला मी सगळ्यांत आधी ग्राउंडवर असायचे, चुना मारायला मदत करायचे, मॅचच्या दिवशी ग्लुकोजचं पाणी कालवायचं काम माझंच. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमच्या एकीची जर्सी खुंटाजवळ सूर मारताना खांद्यापासून कोपरापर्यंत टरकली, सर धावत आमच्या बाकाकडे आले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, चल चल लवकर. मी बुटाची नाडी घट्ट करायला लागले होते, तेवढ्यात ते म्हणाले, अगं जर्सी काढ. आत टीशर्ट होता, तिथेच काढून दिली. माझा अकरा नंबर पुढची सगळी मॅच दुसरीच्या पाठीवर पळत होता आणि मी टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून, कारण ती चांगली खेळत होती.

कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याची गरज पण नाही. त्या सरांना बहुतेक दुसऱ्या दिवशी आठवलं पण नसेल. पण शंभर वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियात बसून कुणाला तरी सुचलं की बाकावर बसलेल्या मुलाला सगळ्यात जास्त काय लागेल तर हे लागेल, याचं मला अजून आश्चर्य वाटतं, आणि म्हणून या पिक्चरवर कधीतरी नीट लिहायचं हे डोक्यात होतंच. दिवाळीत भाचा घरी आला आणि आम्ही तिघांनी, म्हणजे मी, आई आणि त्याने मिळून तो बघितला, तेव्हा बऱ्याच गोष्टी मला नव्याने दिसल्या.

आधी गोष्ट सांगते. हॅरॉल्ड लॅम्ब नावाचा मुलगा (हे काम लॉइडचंच), वॉशिंग मशिन विकून पैसे साठवतो आणि टेट कॉलेजला जायला निघतो. कॉलेज म्हणजे काय हे त्याला कळलंय ते एका सिनेमावरून. त्या सिनेमातला हिरो कुणालाही भेटला की आधी पायांची एक छोटीशी गिरकी घेतो, मग हात पुढे करतो आणि म्हणतो मी आपला साधा माणूस, मला स्पीडी म्हणा. हॅरॉल्ड ती गिरकी आरशासमोर घोटून घोटून पाठ करतो, कॉलेजात ओरडायच्या घोषणा पाठ करतो, खाली वडील रेडिओशी खटपट करत बसलेत त्यांना वाटतं आपल्याला चीनचं स्टेशन लागलं. आणि मग हा कॉलेजात उतरतो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ती गिरकी घेतो.

पुढचा सगळा पिक्चर हा त्या गिरकीवर उभा आहे. कॉलेजातली पोरं त्याला स्पीडी म्हणायला लागतात, त्याच्या पैशांनी आइस्क्रीम खातात, त्याला वाटतं आपण पॉप्युलर झालो, आणि ती सगळी त्याच्या पाठीमागे त्याच गिरकीची नक्कल करून लोळून हसत असतात. फुटबॉलच्या टीममध्ये घ्या म्हणून तो ग्राउंडवर जातो. कोच असा की तो ब्लोटॉर्चने दाढी करतो अशी त्याची ओळखच पाटीवर (मूकपटात मधूनमधून पडद्यावर मजकूर येतो ना, त्या पाटीवर) येते. सरावाला टक्कर मारायला एक भुसा भरलेला बाहुला असतो तो फाटतो, तर कोच म्हणतो हाच उभा राहू दे बाहुल्याच्या जागी. संध्याकाळपर्यंत अख्खी टीम याच्या अंगावर येऊन आदळते आणि हा प्रत्येक वेळी उठून हसून पुढच्याला म्हणतो, ये. (हा अमेरिकन फुटबॉल हं, आपला नव्हे. हाताने बॉल धरून पळायचं आणि समोरच्याने याला अंगावर झेप घेऊन पाडायचं, कबड्डीच्या पकडीच्या जास्त जवळ आहे तो.) शेवटी कॅप्टनला दया येते, तो कोचला म्हणतो याला पाणी द्यायला ठेवू या, पण त्याला सांगू या की तू टीममध्ये आहेस.

तर हे 'त्याला सांगू या'. हा पिक्चर खरं म्हणजे या तीन शब्दांचा आहे असं मला वाटतं. बाकी सगळ्यांना माहितीये, आपल्याला माहितीये, त्यालाच फक्त माहीत नाहीये. आणि आपण प्रेक्षक म्हणून पहिला पाऊण तास कुणाच्या बाजूने बसलेलो असतो? त्या हसणाऱ्या पोरांच्या. हे मला तिसऱ्या-चौथ्यांदा बघताना कळलं आणि मग पहिल्यासारखं बघताच येईना.

आता घरातलं सांगते. आईला इंग्रजी वाचता येत नाही, तेव्हा मूकपटातल्या पाट्या मी मराठीत मोठ्याने वाचत होते. सुरुवातीला नुसतं भाषांतर केल्यासारखं, मग हळूहळू आवाज बदलून, कोच आला की जाड आवाज, आणि आई मध्येच विचारणार की ती मुलगी कोण, ही त्याची कोण लागते, मग मी पाटीत नसलेलं पण सांगणार. अर्ध्या तासाने भाचा म्हणाला मावशी, तू म्यूट करू नको हं स्वतःला, तुझ्यामुळे मजा येतेय. तेव्हा लक्षात आलं की हे काही नवीन नाहीये. मूकपटाच्या काळात आपल्याकडे थिएटरात पेटी-तबला वाजायचा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असायचा. जपानमध्ये तर या निवेदकांचा मोठा धंदाच होता, त्यांना बेन्शी म्हणायचे, लोक नटाचं नाव बघून नव्हे तर बेन्शीचं नाव बघून तिकीट काढायचे. मूकपट एकट्याने हेडफोन लावून बघायची गोष्टच नाही मुळी. कुणीतरी शेजारी बसून बोलायला हवं.

आई ब्लाउज शिवायची. चाळीस वर्षं तेच केलंय, दिवाळी आणि लग्नसराईत आमच्या घरात जमिनीवर पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळे या पिक्चरमधला जो सगळ्यात गाजलेला सीन आहे तो तिने जसा बघितला तसा कुणी बघितला नसेल. कॉलेजचं गॅदरिंग असतं (तिकडे ते त्याला फॉल फ्रॉलिक म्हणतात, पण आपल्या भाषेत गॅदरिंगच), हॅरॉल्ड त्याचा यजमान, नवा सूट शिवायला टाकलाय आणि शिंपी म्हातारा, त्याला मधूनमधून चक्कर येते त्यामुळे सूट वेळेत झालेला नाही. नुसत्या धावदोऱ्यावर आहे. कच्चा. शिंपी म्हणतो तू घालून जा, मी सुईदोरा घेऊन बरोबर येतो, काही उसवलं तर पडद्यामागून टाका घालतो. आणि मग नाचता नाचता एकेक शिवण सुटत जाते, बाही सुटते, हॅरॉल्ड हसत हसत पडद्याला टेकून उभा राहणार आणि मागून शिंप्याचा हात येणार.

आई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. ती हसत होतीच पण मध्येच म्हणाली, धावदोरा खेचला की असा एका झटक्यात निघतो, त्यांनी खरोखर कच्चाच शिवलाय तो, बघ शिवणीवरचा टाका केवढा लांब आहे. मी परत मागे घेऊन बघितलं, खरंच, खांद्यावर पांढरे लांब टाके दिसतात. मी तोवर कमीत कमी पाच वेळा बघितला असेल हा सीन, मला कधी दिसले नव्हते. मग तिने सांगितलं की एकदा पाडव्याच्या आदल्या रात्री वीज गेली तेव्हा तिने एका बाईला ब्लाउज असाच धावदोऱ्यावर दिला होता आणि सांगितलं होतं की ताई, हात वर करू नका. ती बाई अख्खा पाडवा हात खाली ठेवून बसली म्हणे आणि दुसऱ्या दिवशी ब्लाउज पक्का करायला घेऊन आली. ही गोष्ट आईने मला आजवर कधी सांगितली नव्हती.

या सीनची अजून एक गंमत आहे. सूट असा उसवत जातो म्हटल्यावर शेवटी पँट पडणार हे लहान मूल पण सांगेल, आणि लॉइडला नेमकं तेच करायचं नव्हतं कारण विनोदी पिक्चरमध्ये पँट पडणं हे तेव्हाच जुनंपुराणं झालेलं होतं. पण त्या काळी हे लोक पिक्चर रिलीज करायच्या आधी खऱ्या प्रेक्षकांना दाखवून बघायचे, कुठे हसतात कुठे नाही ते बघून परत शूट करायचे. प्रेक्षकांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मग त्याने परत जाऊन पँट पाडली. मला हे फार आवडतं, की एवढा मोठा स्टार पण लोकांनी सांगितल्यावर त्याने ऐकलं.

आणि तसंच अजून एक. त्यांनी आधी शेवटची फुटबॉल मॅच शूट करायला घेतली होती, कारण सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भारी भाग तोच. पण जमेचना. कारण हा मुलगा कोण, त्याने काय काय सोसलंय, हेच अजून त्यांना माहीत नव्हतं, मग ते सोडून दिलं आणि पिक्चर पहिल्या सीनपासून ओळीने शूट केला. म्हणजे आपण जे शेवटी बघतो तेव्हा लॉइड स्वतः पण त्या सगळ्या अपमानातून जाऊन मैदानात उतरलेला असतो.

पण मॅचच्या आधी तो रडतो. गॅदरिंगमध्ये एक उद्धट पोरगा पेगीशी, म्हणजे हॅरॉल्डला आवडणाऱ्या मुलीशी, जबरदस्ती करायला जातो, हॅरॉल्ड त्याला ठोसा मारतो, आणि मग तो पोरगा चिडून सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकतो, तू काय समजतोस स्वतःला, अख्खं कॉलेज तुला हसतं. हॅरॉल्ड आधी हसून सोडून देतो. पेगीजवळ येतो, मला काय फरक पडतो असं दाखवतो, हसतो, हसतो आणि हसता हसता त्याचा चेहरा मोडतो आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. विनोदी पिक्चरमध्ये, अगदी ऐन मध्यात, हिरो लहान मुलासारखा रडतो आणि त्यात एकही जोक नाही.

आमच्या खोलीत एकदम शांत झालं. मी पाटी वाचायची विसरले. भाचा पहिल्या वर्षाला आहे, इंजिनिअरिंग, हॉस्टेलला राहतो. फोनवर विचारलं की सगळं मस्त चाललंय एवढंच म्हणायचा. त्याने रिमोट घेतला, पॉज केलं आणि म्हणाला मावशी, याला माहीतच नव्हतं ना. म्हणलं नाही. मग थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितलं की हॉस्टेलला सीनियर्स इंट्रो घेतात, त्यात याला गाणं म्हणायला लावायचे, हा म्हणायचा, गातो तो बरा, टाळ्या पडायच्या, वन्स मोअर पडायचा. महिनाभराने कळलं की त्याचे व्हिडिओ कुठल्यातरी ग्रुपवर फिरतायत आणि खाली काय काय लिहिलेलं आहे. कुणी हात लावला नाही, कुणी काही बोललं नाही तोंडावर. पण मी तर खूश होऊन म्हणत होतो गं, म्हणाला.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, कॉलेजात प्रवेश घेताना त्या फॉर्मवर सह्या पण घेतात. पण याला काय म्हणायचं ते कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नाही, आणि १९२५ च्या एका मूकपटात ते नीट मांडलेलं आहे. मी त्याला उपदेश केला नाही. आईने पण नाही केला, ती फक्त म्हणाली पुढे लाव, तो खेळतो की नाही ते बघू.

खेळतो. शेवटची मॅच. कोचकडे गडी संपलेत, हॅरॉल्ड हट्ट धरतो, तेव्हा त्याला कळतं की आपण टीममध्ये कधी नव्हतोच, पाणीवाले होतो. आणि तरीही तो कोचचा हात धरून भांडतो की मला आत पाठवा. मैदानात तो चमत्कार वगैरे काही करत नाही आधी, चुकाच करतो. सगळ्यात जबरदस्त ती शिट्टीची चूक, त्याला सांगितलेलं असतं की शिट्टी झाली की बॉल सोडायचा, तर हा बॉल घेऊन सुसाट पळत गोलरेषेपाशी पोचतो आणि कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजतो, आणि हा इमानदारीत बॉल टाकून देतो. भाचा ओरडलाच अरे नको. पुढचं सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी राहू दे.

मॅचमधली गर्दी बघा एकदा नीट. ती खोटी नाही. १९२४ च्या नोव्हेंबरात बर्कलेच्या मेमोरियल स्टेडियममध्ये कॅलिफोर्निया आणि स्टॅनफर्डची खरी मॅच होती, तिथे जाऊन त्यांनी शूट केलं, आणि बाकी बराचसा खेळ पॅसडीनाच्या रोझ बोलवर. रोझ बोल १९२२ चं, बर्कलेचं स्टेडियम १९२३ चं, लॉस एंजेलिसचं कोलिझियम पण १९२३ चं. म्हणजे त्या दोन-तीन वर्षांत तिकडे ही अवाढव्य मैदानं धडाधड उभी राहिली होती, आणि त्याच दशकात अमेरिकेत कॉलेजात जाणाऱ्यांचा आकडा साधारण ६ लाखांवरून ११ लाखांवर गेला. आईबाप कॉलेजची पायरी न चढलेली पोरं पहिल्यांदा कॉलेजात चालली होती, आणि तिथे कसं वागायचं हे त्यांना सांगणारं घरात कुणी नव्हतं. मग सिनेमातूनच शिकणार ना. पिक्चरमध्ये एक पाटी येते की टेट कॉलेज म्हणजे एक मोठ्ठं फुटबॉल स्टेडियम, त्याला जोडून एक कॉलेज पण आहे. तेव्हाचे प्रेक्षक यावर का हसले असतील ते या आकड्यांवरून कळतं.

अजून एक गोष्ट मी भाच्याला दाखवली, आणि ती एकदा माहीत झाली की मॅच वेगळीच दिसायला लागते. लॉइडचा उजवा हात. १९१९ मध्ये एका फोटोसेशनला त्याच्या हातात खोटा म्हणून दिलेला बॉम्ब खरा निघाला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, डोळे पण जाता जाता वाचले. त्यानंतरचे सगळे पिक्चर, 'सेफ्टी लास्ट'मध्ये तो घड्याळाला लोंबकळतो तो सुद्धा, त्याने खोट्या बोटांचा हातमोजा घालून केलेत, आणि प्रेक्षकांना बराच काळ त्याने हे कळू दिलं नाही. अंगठा नसलेल्या हाताने तो बॉल धरून पळतोय, लोक त्याच्यावर झेपा घेतायत. तेव्हा तो तिशी ओलांडलेला आहे आणि अठरा वर्षांच्या मुलाचं काम करतोय.

आई झोपली, मग आम्ही दोघांनी रात्री लॉइडच्याच काळातला दुसरा विनोदी नट बस्टर कीटन, त्याचा 'कॉलेज' लावला, १९२७ चा. तो पण कॉलेजचाच, आणि तो बनलाच बहुतेक लॉइडचं एवढं चाललं म्हणून. कीटनचा आधीचा मोठा खर्चाचा पिक्चर आपटला होता, आता सुरक्षित विषय हवा होता. यातला मुलगा रॉनल्ड उलटा, अभ्यासू, खेळाच्या विरोधात भाषण ठोकणारा, आणि त्याच भाषणामुळे मुलगी रुसते म्हणून तो कॉलेजात जाऊन प्रत्येक खेळ करून बघतो. बेसबॉल, गोळाफेक, भालाफेक, थाळीफेक, उंच उडी, आणि एकही जमत नाही.

मला त्यातला हर्डल्सचा सीन आयुष्यभर पुरेल. तो पळत सुटतो आणि एकेक अडथळा पाडत जातो, एक नाही सोडत, पाय लागला की खाडकन, पुढचा खाडकन. शेवटचा एकच उभा राहतो. कीटन थांबतो, मागे वळून सगळी पडलेली रांग बघतो, त्या एकट्या उभ्या अडथळ्याकडे बघतो, आणि जाऊन तो पण पाडतो. चेहऱ्यावर काही नाही. एक रेष हलत नाही. आता विचार करा, प्रत्यक्षात हा माणूस लहानपणापासून स्टेजवर आपटून घेत वाढलेला कसलेला कसरतपटू, बेसबॉल तर उत्तम खेळायचा. चुका इतक्या नेमक्या करायला किती यायला लागतं. खो-खोमध्ये पण नवशिकी पडते तेव्हा कशीही पडते, मुद्दाम पडून दाखवायचं असेल तर ते सूर मारणारीलाच जमतं.

आणि शेवटी जेव्हा मुलीला वाचवायला तो पळत सुटतो तेव्हा तेच सगळे खेळ त्याला येतात, झुडपांवरून हर्डल्ससारखा उडतो, आणि बांबू घेऊन खिडकीतून थेट वरच्या मजल्यावर. ती बांबूउडी तेवढी कीटनची नाही. ती ली बार्न्सने मारली आहे, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा पोल व्हॉल्टचा सुवर्णपदकवाला. एरवी स्वतःचे स्टंट स्वतः करणाऱ्या कीटनने इथे दुसऱ्याला पुढे केलं.

एक भाग मात्र मला बघवत नाही. रॉनल्ड तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय वेटर बनून नोकरी करतो तो. तेव्हा तिकडे ते सर्रास चालायचं पण म्हणून ते बरं होत नाही, ज्या पिक्चरांत दुसऱ्यावर हसण्याबद्दल एवढं काही आहे त्यांच्यातच हे पण आहे, आणि मी भाच्याला पुढे ढकलून न दाखवता तसंच दाखवलं. तो म्हणाला हे वाईट आहे. हो म्हणलं.

खरं तर मला अजून एका माणसाबद्दल लिहायचंय आणि पोस्ट लांबतेय तरी लिहिते. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू. सगळे त्याला म्हाताऱ्या आईवडलांच्या शांत गोष्टींचा दिग्दर्शक म्हणून ओळखतात, पण त्याचे सुरुवातीचे पिक्चर म्हणजे कॉलेजच्या पोरांची धमाल आहे. त्याचा आज उरलेला सगळ्यात जुना पिक्चर १९२९ चा, दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि स्कीइंग. ओझू लॉइडचा भक्त होता. त्याच्या 'ग्रॅज्युएट झालो, पण...' या पिक्चरमध्ये भिंतीवर लॉइडचं पोस्टर लावलेलं दिसतं, पिक्चर पण १९२९ चा आणि आज त्याची जेमतेम अकरा मिनिटं शिल्लक आहेत. जपानमध्ये गोल जाड काडीच्या चष्म्याला नावच पडलं रॉइदो मेगाने, म्हणजे लॉइड चष्मा. आणि लॉइडच्या चष्म्यात काचा नव्हत्याच!

१९३० चा ओझूचा 'नापास झालो, पण...' हा माझा सगळ्यात लाडका. पोरं परीक्षेत कॉपी करायला शर्टाच्या पाठीवर उत्तरं लिहितात, आणि ऐन परीक्षेला तो शर्ट धुवायला गेलेला असतो. हिरो नापास. मित्र पास होतात. इथपर्यंत गंमत. मग पुढे, पास झालेल्यांना नोकऱ्या मिळत नाहीत, जपानमध्ये तेव्हा मंदी होती, ते खोलीवर बसून आहेत, आणि नापास झालेला मात्र अजून कॉलेजात आहे, मॅचला जातोय, चिअर करतोय, घोषणा देतोय. ओझू स्वतः कधी कॉलेजात गेलाच नाही, प्रवेश परीक्षेत नापास झाला होता. त्याच्या पिक्चरमध्ये कुणी मैदानात उतरून जिंकून वगैरे देत नाही, पोरं बाहेर उभी राहून ओरडत असतात, आणि त्या ओरडण्यात त्यांचा सगळा आनंद असतो. लॉइडने मला बाकावरून उठवून आत खेळायला पाठवलं असं मला वाटतं. ओझूने माझ्याशेजारी येऊन बाकावर बसकण मारली. कुठला जास्त आवडतो असं विचारलं तर माझं उत्तर दर वेळी बदलतं.

भाचा परत हॉस्टेलला गेला. जाताना 'फ्रेशमन' फोनमध्ये घेऊन गेला, आता त्यावर कॉपीराइट नाही, तिकडे पंचाण्णव वर्षं झालेले जुने पिक्चर मोकळे होतात तसा हा २०२१ मध्ये झाला, तेव्हा कुणालाही द्या, बिनधास्त. रूममेट्सना दाखवणार आहे म्हणाला. पाट्या तू वाचशील का विचारलं तर म्हणाला बघू.

आईला मी सांगितलं की पुढच्या रविवारी कीटनचा लावते. तिने आधी विचारलं, त्यात शिंपी आहे का. शिंपी नाही म्हणलं, पण सुरुवातीलाच तो पावसात चिंब भिजून येतो आणि स्टेजवर भाषण करता करता त्याचा लोकरीचा सूट अंगावरच आटत जातो. आई म्हणाली लोकर आधी भिजवून घेतली नसेल कापायच्या आधी, लाव, बघू कितपत आटतो ते.